बाबांचं लाल रील आणि बाभळीखालचं पाणी

प्रश्न : काका, नमस्कार. मी 27 वर्षांची आहे, वडोदऱ्यात मांजलपूरला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. लहानपणापासून बाबांबरोबर गळ टाकायला जायचे. आता पाच वर्षं एकटीच स्पिनिंग रीलवर (रील म्हणजे दोरा गुंडाळायचं यंत्र) मासे धरते आणि परत सोडते. मरळ नेमकी पाण्यावर झुकलेल्या बाभळीखाली बसते आणि माझा लुअर (खोटं आमिष) वरून येतो तो फांदीत अडकतो. ठिकरी जशी पाण्यावर टप्पे खात जाते, तसा लुअर फांद्यांखाली आत पाठवायला शिकायचं आहे. बाबा गेल्यावर त्यांचं लाल ॲम्बॅसेडर 5000 हे बेटकास्टिंग रील माझ्याकडे आलं. त्यावर दोन रविवार प्रयत्न केला. दोन्ही दिवशी गुंता कापून टाकावा लागला. दुकानात 12 बेअरिंगचं, 8.1 रेशोचं रील घ्या म्हणतात. मित्र म्हणतो, कॉम्प्युटरवालं घे. बजेट साधारण दहा हजार. बाबांच्याच रीलवर शिकू की नवं घेऊ? माझा हात लहान आहे.

उत्तर : बाबांचं रील विकू नकोस. पण टप्पे शिकायला ते वापरूही नकोस, दुसरं घे.

आधी कारण सांगतो. ते एकदा पटलं की दुकानात कोणी काहीही म्हणो, तुझं तुला निवडता येईल. स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे दोऱ्याची चकरी, जागची हलत नाही, दोरा तिच्या कडेवरून निसटत जातो. बेटकास्टिंगमध्ये स्पूल स्वतः गरगर फिरते आणि लुअर तिच्यावरून दोरा ओढून नेतो. लुअर मंदावला आणि स्पूल मंदावली नाही, की जास्तीचा दोरा आतच सैल पडतो, पुढच्या वेढ्यांखाली दबतो आणि घरटं, म्हणजे तुझा तो गुंता, तयार होतं. साध्या फेकीत हा धोका सुरुवातीच्या हिसक्याला असतो आणि मग लुअर पाण्यात पडतो तेव्हा. टप्प्यांच्या फेकीत लुअर तीनदा, चारदा, पाचदा पाण्याला लागतो आणि दर वेळी त्याला खीळ बसते. त्यातला पहिला टप्पा सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा स्पूल अजून भरवेगात असते. तुझे दोन्ही रविवार तिथेच अडकले असणार.

रावपुऱ्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच बॅलन्स चाक येतं. त्याचं वजन मुद्दाम कडेला ठेवलेलं असतं, म्हणजे एकदा हललं की ते आपली लय सोडत नाही. घड्याळात हा गुण, पण टप्पे टाकणाऱ्या रीलमध्ये हीच अडचण. 5000 ची स्पूल आजच्या उथळ स्पूलपेक्षा जड असते, तिच्यावर दोराही पुष्कळ मावतो, आणि बाबांनी ती काठोकाठ भरली असेल तर ते सगळं वजन कडेलाच आहे. लांब, सरळ फेकीला ते उत्तम. टप्प्याला मात्र पटकन थबकणारी स्पूल लागते.

त्या लाल रीलबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. ते बनवणारी आबू ही स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावची कंपनी 1921 मध्ये सुरू झाली तीच मुळी घड्याळाचा कारखाना म्हणून. नावातलं शेवटचं अक्षर ‘उरफाब्रिकेन’चं, म्हणजे घड्याळाच्या कारखान्याचं. पुढे ते टॅक्सीमीटर बनवू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात ती मागणी आटली तेव्हा रीलकडे वळले. त्याच्याही कितीतरी आधी, 19व्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत केंटकीमध्ये दात्यांच्या चाकांवर चालणारं असं रील घडवणारे जॉर्ज स्नायडर पेशाने घड्याळजीच होते. माझ्याकडे कोणी 5000 साफ करायला आणतं, तेव्हा आपल्याच बिरादरीतलं काम हातात आल्यासारखं वाटतं. तुझंही घेऊन ये. मोकळ्या पाण्यावर ते अजून खूप वर्षं चालेल.

आता नवं रील. बेअरिंगचा आकडा सोडून दे. फेकताना स्पूलच्या आसाची बेअरिंगंच काय ती महत्त्वाची असतात, बाकीची हँडलच्या मुठीत आणि गिअरमध्ये बसवून आकडा वाढवता येतो. रेशोचंही तसंच. 8.1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे आठाहून थोडे जास्त फेरे, पण ते गुंडाळताना. तू अंगठ्याने पट्टी दाबलीस की क्लच सुटतो आणि गिअर स्पूलपासून वेगळे होतात. फेकीशी रेशोचा काही संबंध उरत नाही. मरळीला फांद्यांतून झटपट बाहेर काढायला बऱ्यापैकी वेग लागतो, म्हणून सातच्या आसपासचं घे. आठही चालेल. पाचचं घेऊ नकोस.

खरे पैसे मोजायचे ते स्पूल आणि ब्रेक यांचे. स्पूल उथळ आणि हलकी हवी. ब्रेकचे मुख्य प्रकार दोन. एकात छोटे शू फिरताना बाहेर सरकतात आणि कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सुरुवातीच्या हिसक्याला ते घट्ट धरतात आणि वेग उतरला की जवळजवळ सोडून देतात. दुसऱ्यात चुंबक असतात. ॲल्युमिनियमची स्पूल चुंबकाजवळून फिरली की तिच्यात भोवरा-प्रवाह तयार होतो आणि तोच तिला मागे ओढतो. हा जोर वेगाच्या प्रमाणात राहतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या टप्प्यालाही थोडी पकड उरते. डायवाच्या एसव्ही स्पूलमध्ये वेग वाढला की आतली वाटी सरकून चुंबकांच्या जवळ जाते, वेग उतरला की मागे येते. टप्प्यांसाठी ही रचना मला सर्वांत आवडते आणि शिकणाऱ्याला मी पहिलं नाव तिचंच घेतो. शिमानोच्या एसव्हीएस इन्फिनिटी पद्धतीत शू असतात, पण बारीक जुळवणी बाहेरच्या चकतीवर होते. तीही चांगली. तुझ्या बजेटमध्ये यातलं नवं बसलं नाही, तर नीट राखलेलं वापरलेलं घे, फक्त घेण्याआधी स्पूल कानाजवळ फिरवून ऐक. खरखर आली तर बेअरिंग गेलंय.

ब्रेकची चकती बाहेरच हवी, हे मी मुद्दाम सांगतो. पहिल्या तासात तू ती दहा वेळा फिरवशील. माझ्या एका जुन्या रीलचं झाकण उघडून आतले शू हलवावे लागायचे. चांदोदला नर्मदेच्या वाळूत, ओल्या हातांनी झाकण उघडलं आणि तांदळाच्या दाण्याएवढा शू गेला. अंधार पडेपर्यंत वाळू चाळत बसलो, सापडला नाही.

कॉम्प्युटरवालं, म्हणजे शिमानोचं डीसी. त्यात बॅटरी नसते. स्पूल फिरते त्यातूनच वीज तयार होते आणि चिप दर क्षणी ब्रेक कमी-जास्त करते. काम सुंदर आहे, फेकताना येणारा बारीक गुणगुण आवाजही मला आवडतो. तरीही तुला नको म्हणेन. किंमत बजेटच्या बाहेर जाते, आणि टप्प्याची फेक शेवटी अंगठ्यानेच शिकावी लागते.

हाताचं तू लिहिलंस ते बरं झालं. बुटक्या, चपट्या बांध्याचं, 100 किंवा त्याहून लहान आकाराचं रील बघ. दुकानात ते रॉडवर बसवायला सांग, तळहातात धर आणि अंगठा स्पूलच्या मध्यावर न ताणता पोचतो का ते बघ. अंगठ्याच्या सांध्यावर काय ताण येतो, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. आणि हँडल डावं की उजवं ते घेतानाच ठरव, स्पिनिंग रीलसारखं ते नंतर बदलता येत नाही. उजव्या हाताने फेकतेस तर डावं हँडल घे, म्हणजे लुअर फांदीखाली पडल्यावर रॉड या हातातून त्या हातात घ्यावा लागणार नाही. मरळ बऱ्याचदा त्याच क्षणी झडप घालते.

रॉड पावणेसात फुटांचा, मीडियम हेवी (मध्यमाहून जरा ताठ), टोकाला जरा लवचीक. याहून लांब रॉडचं टोक कडेने फेकताना पाण्याला लागतं. दोरा आधी साधा तंगूस, 14 पौंडांचा. स्वस्त असतो, गुंता झाला तर कापताना जीव तुटत नाही. ब्रेडेड (विणलेला) दोरा आतल्या वेढ्यांत रुततो, तो पुढे, हात बसल्यावर, बेडकाच्या लुअरसाठी. स्पूल काठापासून तीन-चार मिलिमीटर कमी भर. लुअर चपट्या पोटाचा हवा : 12-14 ग्रॅमचा पोकळ रबरी बेडूक किंवा मऊ प्लास्टिकचा मासा. हे पाण्यावर सपाट घसरतात. तिहेरी गळांचे लाकडी मासे पाण्यात तोंड खुपसतात.

आधी हँडलजवळची छोटी गुंडी जुळव. पट्टी दाबल्यावर लुअर सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावी. ब्रेक सर्वांत जास्तवर ठेव, अंतर कमी पडलं तरी चालेल. अगाशीत किंवा सोसायटीच्या हिरवळीवर गळ काढलेला लुअर घेऊन दहा पावलांवर एक खाट ठेव आणि तो तिच्याखाली सरपटत पाठव. रॉडचं टोक गुडघ्याच्या खाली, फेक कडेने. जोर मनगटातून येऊ दे, खांदा शांत राहू दे. लुअर टेकतो त्या क्षणी अंगठा स्पूलवर अलगद टेकव, दाबू नकोस. हे रोज वीस मिनिटं, दोन आठवडे. मग पाण्यावर, फांदीच्या बरंच अलीकडे पहिला टप्पा पडेल असा नेम धर. ब्रेक एकेक आकड्याने कमी करत जा.

गुंता झाला तर ओढू नकोस. अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडलचे दोन-तीन फेरे दे, मग हळूच दोरा काढ. बहुतेक वेळा सुटतो. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

आणि जागा. यावर मी हट्टाने बोलणार आहे. ज्या झुकलेल्या झाडाखाली मरळ बसते, तिथेच आपल्या भागात मगरही बसते. विश्वामित्री नदीचा विचार मनातही आणू नकोस. 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांत आल्या होत्या हे तू पाहिलंच असशील. आजवा सरोवर शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे आणि मगरी तिथेही आहेत. चरोतरातल्या (आणंद-खेडा भागातल्या) गावतळ्यांतसुद्धा मगरी असतात, गावकरी त्यांना ओळखून असतात. म्हणून गावात आधी विचार. तळं बहुधा इजाऱ्याने दिलेलं असतं, तर इजारदाराची परवानगी घे आणि त्यालाच मगरीचं विचार. उंच, मोकळ्या काठावर उभी राहा, पाण्यात पाऊल घालू नकोस, फांदीत अडकलेला लुअर सोडवायला वाकू नकोस. दोरा तोड. एकटी जाऊ नकोस. पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा लालसर झुबका हलताना दिसला तर तिथे लुअर टाकू नकोस. खाली आई-बाप राखण करत असतात, त्यांना उचललं की झुबका इतर माशांच्या पोटात जातो.

प्रश्न : रीलच्या बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल चालेल का? घरी खोबरेलही आहे. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : शिलाई मशीनचं चालेल. स्पूलच्या बेअरिंगला सुईच्या टोकाने एकच थेंब, गिअरला मात्र ग्रीस. ब्रेकच्या शूला किंवा ते घासतात त्या कड्याला तेल अजिबात लागू देऊ नका, लागलं तर ब्रेक निसटतो आणि फेकीत गुंता होतो. खोबरेल नको. इंदूरच्या थंडीत ते थिजतं. गेल्या डिसेंबरात माझ्याकडे असंच एक रील आलं होतं, स्पूल बोटाने ढकलली तरी फिरेना. बेअरिंग काढून पेट्रोलमध्ये धुतलं, वाळवलं, थेंबभर मशीनचं तेल दिलं, आणि फिरलं.