हातउसने पैसे, सही आणि तीन वर्षांची मुदत

प्रश्न : व्यवसायातील अडचणीच्या वेळी मी आतेभावाला तीन लाख रुपये हातउसने दिले, त्याला अडीच वर्षे होत आली. रक्कम बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवली होती, पण घरातलाच व्यवहार म्हणून लिहून काही घेतले नाही. तो कधी नाही म्हणत नाही. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असा निरोप मोबाइलवर येत राहतो. आता कागद मागितला तर नाते दुखावेल आणि इतक्या उशिरा केलेल्या कागदाला अर्थही नाही, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : नात्याचा अंदाज आपल्यालाच अधिक असणार, कागदाविषयीचे म्हणणे मात्र बरोबर नाही. उशिरा केलेल्या कागदालाही पुरता अर्थ असतो, फक्त तो मुदतीत व्हावा लागतो, आणि आपल्याकडे त्यासाठी जेमतेम सहा महिने उरले आहेत. परतफेडीची तारीख न ठरवता दिलेल्या रकमेचा दावा 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. ‘मागेन तेव्हा दे’ असे ठरले असले तरी ही तीन वर्षे मागणीच्या दिवसापासून नव्हे, तर पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात, आणि सज्जन माणसांची फसगत बहुधा येथेच होते. मुदत उलटल्यानंतर समोरच्याने तो मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाला दावा फेटाळावाच लागतो.

या कायद्याचे कलम 18 आपल्या कामाचे आहे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने, म्हणजे पैसे घेणाऱ्याने, कर्जाची लेखी कबुली देऊन तिच्यावर सही केली, तर त्या सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर लंबाचवडा करारनामा हवा असे नाही. अमुक तारखेला अमुक खात्यातून तीन लाख रुपये मिळाले, त्यांपैकी इतके देणे आज बाकी आहे, एवढा मजकूर, खाली सही आणि तारीख यांनी मुदत वाचते. तारखेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुढे वाद झाला तर तो बहुतेक वेळा रकमेपेक्षा तारखेवरूनच होतो. त्याच वेळी हप्ते ठरवून घेता आले तर आतेभावालाही कागद जाचक वाटणार नाही; निव्वळ कबुली मागण्यापेक्षा ‘तुला जमेल तसे हप्ते आपण लिहून ठेवू’ असे म्हणणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

मोबाइलवरील निरोप पुसू नका. व्यवहार कर्जाचाच होता, भेट किंवा भागीदारी नव्हती, हे दाखवण्यासाठी ते उपयोगी पडतील. परंतु ‘नक्की देतो’ या निरोपात ना रक्कम आहे ना सही, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर मुदत जाऊ देणे धोक्याचे आहे. काही रक्कम परत मिळाली तरी मुदत नव्याने सुरू होऊ शकते, मात्र ती दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. म्हणून अंशतः परतफेड चेकने घ्यावी, नाहीतर सोबत सहीची चिठ्ठी घ्यावी. मुदत टळलीच, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 नुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सही केलेले वचनही बंधनकारक ठरते, पण तेव्हा सारे त्याच्या मर्जीवर राहील.

प्रश्न : मैत्रिणीला मोठी रक्कम द्यायची आहे. तारणादाखल तिचा सही केलेला कोरा चेक घेतला तर पुरे होईल का?

उत्तर : चेक असावा, पण एकटा नको. चेक न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर तिला 15 दिवस मिळतात आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार करावी लागते. त्या प्रकरणात ‘चेक कर्जापोटी नव्हताच’ हाच बचाव हमखास येतो. म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली वचनचिठ्ठी, म्हणजे रक्कम परत देण्याचे सही केलेले लेखी वचन, घ्यावी. स्टॅम्प नसलेली वचनचिठ्ठी नंतर दंड भरूनही पुराव्यात वाचता येत नाही. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्ज म्हणून घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, तेव्हा व्यवहार बँकेतूनच करावा.

प्रश्न : वडिलांनी बँकेचे वैयक्तिक कर्ज घेतले होते. त्यांच्या निधनानंतर वसुली एजंट रात्री दहाला मला फोन करतात, माझ्या सहकाऱ्यांनाही सांगतात आणि ‘एका कागदावर सही करा, त्रास थांबेल’ असा आग्रह धरतात.

उत्तर : ती सही करू नका. पहिल्या प्रश्नात जी सही मिळवायला सांगितली, तिचेच बळ येथे आपल्याविरुद्ध वापरले जाईल आणि आपली स्वतंत्र जबाबदारी उभी राहू शकेल. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर वारस म्हणून आपले दायित्व वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपुरतेच आहे. आपल्या पगारातून वसुली मागता येत नाही. मात्र त्यांच्या ठेवी किंवा घर आपल्याकडे आले असेल, तर त्या मर्यादेत देणे आहेच, आणि त्याबाबत एजंटाशी न बोलता थेट बँकेशी लेखी बोलावे.

थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नयेत, धमकावू वा चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बँकांना बजावले आहे, आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच असते. प्रत्येक फोनची तारीख, वेळ व क्रमांक लिहून ठेवा, एजंटाचे अधिकारपत्र मागा आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज देऊन पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. धमकी दिली गेल्यास मात्र त्या 30 दिवसांची वाट न पाहता पोलीस ठाण्यात जावे.