देवच चिखलात होते तेव्हा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, दोन एकर द्राक्षबाग आहे, सातबारा माझ्या नावावर. यंदा ऐन तोडणीत अवकाळी आला, अर्ध्या मालाचे मणी तडकले, उरलेला व्यापाऱ्याने नेला आणि माझ्या नावाने सव्वातीन लाखाचा चेक दिला तो बाउन्स झाला. बँकेचा कागद येऊन बारा दिवस झाले, व्यापारी फोन उचलत नाही. सोसायटीचं कर्ज आहे, सोनं गहाण आहे, आता खरड छाटणीला मजूर लावायलाही पैसे नाहीत. आमचे हे म्हणतात देव बघून घेईल, आणि रात्र रात्र बागेत एकटेच बसून राहतात. सासूबाई म्हणतात तुझी श्रद्धा कमी पडली म्हणून हे झालं, उसने काढून त्र्यंबकला नारायण नागबळी करू. मला तर हल्ली दिवा लावतानासुद्धा राग येतो. अशा वेळी देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?

उत्तर : आधी चेकचं बोलते, देवाचं नंतर. (छापून येईपर्यंत मुदत निघून जाईल म्हणून तुम्हाला हे फोनवर आधीच सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी परत लिहितेय.) चेक परत आल्याचं बँकेनं कळवलं की तिथून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस जायला लागते, पोच मिळेल अशा पोस्टाने. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. कलम १३८ म्हणतात ते हेच. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. वकिलाला पैसे कुठून आणू म्हणाल, तर १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि चेक तुमच्याच नावाचा आहे. कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठंय ते विचारा, चेक आणि बँकेचा कागद दोन्ही घेऊन जा. पैसे लगेच हातात पडतील असं नाही, केस रेंगाळते. पण तारीख हुकली तर हा रस्ता बंद होऊ शकतो, आणि "देव बघून घेईल" म्हणत बसलं तरी ३० दिवस ३० दिवसांतच संपतात.

दुसरं, यजमान रात्री एकटे बसतात म्हणालात ना, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. फवारणीची औषधं घरातून हलवा, दिराकडे नाहीतर शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. आणि त्यांना सरळ विचारा की जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का, विचारल्याने डोक्यात भरत नाही ते. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. ते नाही बोलले तर तुम्ही बोला. आणि 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता श्रद्धा कमी पडल्याचं. सासूबाईंचा जीवही टांगणीला लागलाय म्हणून त्या बोलतात, पण हे काही खरं नाही हो. त्र्यंबकला आपण निवृत्तीनाथांच्या समाधीवर डोकं टेकवतो, पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात, त्याच चार भावंडांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि पोरं उघड्यावर पडली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्या घरात काय भक्तीची कमी होती? नागबळीला माझा विरोध नाही, पण कर्ज काढून नको. सासूबाईंना म्हणा पैसे आले की करू, तोवर घरीच नारळ वाढवू. आणि दिवा रागातच लावा. चार शिव्या द्या देवाला, विठोबाशी भांडलेल्या बायका आपल्याकडे काही कमी नाहीत आणि त्यांना कुणी नास्तिक म्हटलेलं नाही.

भरवसा म्हणजे काय ते मला व्याख्येत सांगता येत नाही, आमच्या घरातलं सांगते. नाशिकच्या भांडीबाजारात आमचं तांब्यापितळेचं दुकान होतं, मागेच घर. सासऱ्यांचा हिशोब असा की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की खालचा माल माळ्यावर. मारुती पूर थांबवत नाही, तो नदीत उभा राहून पाणी किती चढलं तेवढं सांगतो, हलायचं आपण. पण २००८ च्या सप्टेंबरात पाणी इतकं झपाट्याने चढलं की आम्ही कसेबसे माणसं तेवढी बाहेर पडलो. ओसरल्यावर आलो तर घोटाभर गाळ, देव्हारा आडवा, आणि देवांचा पत्ता नाही. मी रडायलाच लागले, म्हटलं आता हेही गेले.

आमच्या सासूबाई खाली बसल्या आणि हाताने गाळ चाचपायला लागल्या, तांदूळ निवडल्यासारखा. तासाभराने खंडोबाचा टाक सापडला, मग बाळकृष्ण, अन्नपूर्णेचा हात वाकलेला. सगळ्यांना नळाखाली धरलं, चिंचेनं घासलं, साडीच्या पदरानं पुसलं आणि फळीवर ठेवलं. मला वाटलं आता हात जोडतील, काही मागतील. तर म्हणतात कशा, "यांनाच आत्ता आपण बाहेर काढलं, लगेच काय मागायचं त्यांच्याकडे, जरा वाळू तर देत. फावडं आण." आणि खरंच दुपारपर्यंत त्या बाई गाळ उपसत होत्या, मधूनमधून फळीकडे बघून "बघतोयस ना रे" एवढंच म्हणायच्या.

भांडी धुवून निघाली, पितळेला काय होतंय. उधारीच्या वह्यांचा मात्र लगदा झाला, कुणाकडे किती बाकी हे सांगायला कागदच उरला नाही. सासरे महिनाभर बोलले नाहीत फारसं. मग दिवाळीच्या आधी ओझरची एक बाई आली, दोन हंड्यांचे राहिलेले पैसे पदराच्या गाठीतून काढून ठेवले, म्हणाली वही गेली असेल पण मला आठवतंय. असे सात-आठ जण आले. बाकीचे नाही आले, त्यातले दोघे तर आमच्याच गल्लीतले होते, रोज राम राम करायचे.