बांध फुटलेले खारशेत : कांदळ तोडावे की ठेवावे?

प्रश्न : उधाणात बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) फुटून खारे पाणी शेतात आले. शेत पडीक राहिले, आता त्यात कांदळ (खारफुटी) उगवले आहे. ते तोडून भात लावावे, की जिताड्याचे (खाडीतल्या माशाचे) तळे करावे? (खाडीकाठचे शेतकरी, ता. पेण)

उत्तर : कांदळ तोडू नका. सातबारा तुमच्या नावाचा असला तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने तोडीला बंदी आहे, भोवतीचे 50 मीटरही राखावे लागतात. वाडवडिलांनी पिकवलेले शेत असे हातचे जाते, याचे दुःख मोठे आहे. म्हणूनच ज्यांच्या शेतात अजून कांदळ नाही, त्यांनी यंदाच हालचाल करावी. बांधाला खांड (भगदाड) पडली की तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि बांध शासकीय योजनेतला असेल तर खारभूमी विभागाकडे लेखी अर्ज द्या. बारीक गळती बहुधा खेकड्यांच्या बिळांतून सुरू होते. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, सप्तमी-अष्टमीला, पाणी कमी चढते. तेव्हा बिळे खणून चिकणमातीने ठोकून बुजवा. उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्याही तेव्हाच पाहा. मासळीसाठी उघाडी उघडी ठेवणाऱ्याला गावाने रोखलेच पाहिजे, कारण त्यापायी सगळ्या खाराचे (एका बांधाआडच्या सगळ्या शेतांचे) भात जाते.

बांधाबाहेरचे कांदळ मात्र वाढू द्या. लाटेचा पहिला मार ते घेते आणि कोळंबी, बोयटे, जिताड्याची पिल्ले त्याच्या मुळांत वाढतात.

मोकळ्या शेताची माती मे महिन्यात तपासा, तेव्हा क्षार सर्वांत जास्त असतात. क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन खारी समजा. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी शेतात कोंडून ओहोटीला उघाडीतून सोडा, असे दोन-तीनदा करा. मग पनवेल-1, 2 किंवा 3 या खारे सोसणाऱ्या भाताच्या जाती लावा.

तळ्याचा हिशेब घाईने करू नका. खाऱ्या पाण्याच्या तळ्याला कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी लागते आणि पाझर शेजाऱ्याच्या भातात जातो. सगळ्या खाराची संमती नसेल तर करूच नका. कांदळ आलेल्या शेताच्या मालकांना माझ्या मते खेकडापालन बरे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत गटाला 90 टक्के, एकट्याला 75 टक्के अनुदान आहे. त्यात झाड न तोडता जाळीच्या कुंपणात खेकडे वाढवतात. अर्ज गावच्या कांदळवन समितीमार्फत करा; समिती नसेल तर आधी ती स्थापन करून घ्या.