अपहरण झालेलं आयसी-८१४ विमान अमृतसरमध्ये पाऊण तास उभं होतं, तरी सरकारने का अडवलं नाही? भित्रेपणा होता का?

भित्रेपणा म्हटलं की विषय तिथेच मिटतो, म्हणून हे उत्तर सगळ्यांच्या आवडीचं. मला ते कधीच पटलेलं नाही.

२४ डिसेंबर १९९९. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं एअरबस ए-३०० संध्याकाळी पाचच्या सुमारास अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेलं. सातला अमृतसरला उतरलं आणि ७ वाजून ४९ मिनिटांनी उडालंसुद्धा. भांडणं सगळी या ४९ मिनिटांवरून होतात. पण डाव हातचा गेला तो आधीच्या दोन तासांत. वाजपेयी त्या वेळी पाटण्याहून परतत होते, त्यांना बातमी कळली दिल्लीत उतरल्यावर. एनएसजी, म्हणजे ओलीस सोडवणाऱ्या कमांडोंचं दल, दिल्लीजवळच, विमानाने अमृतसर तासाभरावर. ‘कुठे उतरणार ते माहीत नव्हतं’ हा बचाव लंगडा आहे. इंधन जेमतेम दिल्लीपुरतं आणि वर थोडं राखीव, त्यात लाहोर उतरू देईना, मग उरलं काय? कमांडोंना साडेपाचला उडवलं असतं आणि फेरी फुकट गेली असती, तर नुकसान फक्त इंधनाचं.

आता ‘टायरवर गोळी झाडायची’वाल्यांसाठी. ए-३०० ला मुख्य चाकं आठ. एखाददुसरं फुटून विमान थांबेलच असं नाही. त्यात अंधार, इंजिनं चालू आणि आत ओलीस. खात्रीचा उपाय म्हणजे इंधनाचा बाउझर, म्हणजे टँकर, नाकासमोर, पुढच्या चाकाला खेटून आडवा लावणं. एवढं मोठं विमान टगशिवाय, म्हणजे ढकलणाऱ्या गाडीशिवाय, सहसा मागे सरकत नाही. पण बाउझर रोजच्या चालीने आला पाहिजे, कारण कॉकपिटमधून सगळं दिसतं. त्या रात्री तो भरधाव आला, हळू घ्यायला सांगितल्यावर गचकन थांबला. आतल्यांना संशय आला, पायलटवर दबाव आला आणि इंधन न भरताच विमान उडालं.

ड्रायव्हरला कसला दोष देता? ‘काहीही करून अडवा’ हा हुकूम नव्हे. प्रवासी मेले तर जबाबदारी कोणाची, हे वरून कोणी सांगितल्याशिवाय खालचा माणूस गाडी आडवी घालत नाही, आणि घालूही नये. सरकार कचरलं ते इथे. आठवड्याभरात ओलिसांच्या बदल्यात तुरुंगातल्या मसूद अझहरसह तीन दहशतवाद्यांना सोडावं लागलं.

याच विमानतळावर एप्रिल १९९३ मध्ये आयसी-४२७ हे अपहृत विमान आलं होतं. स्थानिक अधिकाऱ्यांनी अपहरणकर्त्याला तासन्‌तास बोलण्यात गुंतवलं, एनएसजी पोचली, मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत काम फत्ते. प्रवासी सगळे सुखरूप.

२००५ च्या अपहरणविरोधी धोरणात विमान जमिनीवरच जखडायचं हे कागदावर आलं. पण अंतराचं दुखणं राहिलंच. २६/११ ला मुंबईत रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला आणि दिल्लीजवळच्या मानेसर तळावरचे एनएसजी कमांडो कारवाईला लागले दुसऱ्या दिवशी सकाळी. मुंबईत एनएसजीचा तळ आला तो २००९ मध्ये.

एक मात्र कबूल करायला हवं: १९९३ ला अपहरणकर्ता एकटा होता, १९९९ ला पाच जण होते आणि अमृतसरला उभं असतानाच प्रवाशांवर चाकूचे वार झाले होते. कमांडो वेळेत पोचले असते तरी त्या वारांत मेलेला प्रवासी रूपिन कत्याल वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही.