ज्वारीची भाकरी खाऊनही टीटीजी उतरत नाही? आधी गिरणी बघा

‘गहू, मैदा, रवा, बिस्किटं आठ महिन्यांपूर्वीच बंद केली, सात वर्षांची मुलगी फक्त ज्वारी-तांदूळ खाते, तरी पोट फुगतं, वजन जागचं हलत नाही, रक्ततपासणीतला टीटीजीचा आकडा जेमतेम खाली आलाय आणि डॉक्टर म्हणतात, कुठून तरी गहू जातोय’ ही तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्याकडे सीलिअॅक (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) निघालं तेव्हा हेच घडलं होतं. गहू कशाकशात असतो हे आठ महिन्यांत तुमचं पाठ झालं असेल, ते सोडून देते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. हे स्वयंपाकघरातलं शहाणपण आहे, औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणता. माझ्या मते घोळ तिथेच आहे.

हिशोब करून बघा. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरा. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात ०.२ ग्रॅम, एक बारीक चिमूट, गव्हाचं पीठ मिसळलं की मर्यादा गाठली. आता त्याच किलोत शिगेचा एक छोटा चमचा, समजा ५ ग्रॅम, गव्हाचं पीठ गेलं. दिवसाला दोन-तीन भाकऱ्या म्हणजे १२० ग्रॅम पीठ धरलं तर पोटात ६० मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. रोज ५० मिलिग्रॅम महिनोनमहिने जात राहिलं तर आतड्याला इजा होते, असं मानतात. म्हणजे मुलगी प्रामाणिकपणे भाकरी खातेय आणि भाकरीतूनच रोज गहू खातेय.

चमचाभर गहू गिरणीत कुठून येतो? दगडांच्या मध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ उरतं, ते सहसा कोणी पुसत नाही. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी दिवसभर गव्हाचं पीठ पिऊन बसलेली असते आणि हादऱ्याने ते तुमच्या डब्यात झडतं. ‘आमची ज्वारीची चक्की वेगळी आहे’ असं गिरणीवाले काका मनापासून सांगतात, आणि ते खरंही असतं. पण शेजारच्या चक्कीची धूळ हवेतून येऊन बसतेच, शिवाय गर्दीच्या दिवशी ज्वारीच्या चक्कीत कोणाचे तरी दोन किलो गहू उरकून घेतले जातात. त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना कोणी हे समजावलेलंच नसतं. ‘सकाळी पहिला नंबर लावा’, ‘आधी किलोभर तांदूळ दळून घ्या’ हे सल्ले तुम्हाला मिळतील. त्याने प्रमाण कमी होत असेल, पण किती कमी झालं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. पोराच्या आतड्यावर असा अंदाजपंचे कारभार नको.

थोडी भडास काढते. निदान झालं त्या रुग्णालयाच्या आहार विभागाने आम्हाला एक झेरॉक्स कागद दिला होता. डावीकडे ‘वर्ज्य’, उजवीकडे ‘चालेल’. उजवीकडे पहिल्याच ओळीत ‘ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी’. दळण कुठलं याबद्दल एक अक्षर नाही. हिंगाचं नाव नाही. भाजणी, मेतकूट आणि सातूचं पीठ तर चक्क ‘चालेल’मध्ये! मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो आणि आपल्याकडचं सातूचं पीठ गहू घालूनच होतं. खऱ्या सातूचं, म्हणजे जवाचं, असलं तरी तेही वर्ज्यच. पुढच्या खेपेला रिपोर्ट उतरला नाही तेव्हा त्याच टेबलावरून विचारणा झाली, ‘मूल लपून बिस्किटं खातं का?’ मुलावर संशय घेणं सोपं, कागदावर दोन ओळी वाढवणं अवघड. तुमच्या मुलीला कोणी असं विचारत असेल तर तिच्या बाजूने उभ्या राहा.

घरची आटाचक्की घ्या, हे माझं ठाम मत. खर्चिक आहे हे मान्य. पण नवीनच घ्या, कोणाची वापरलेली नको, कारण तिच्यात आयुष्यभर गहू दळलेला असतो. बसवायला येणारा माणूस प्रात्यक्षिक म्हणून गहू टाकतो, त्याला आधीच सांगून तांदूळ हातात द्या. पहिले दोन किलो तांदूळ दळून ते पीठ वेगळं काढा, तिला देऊ नका. आणि त्या चक्कीत पुन्हा कधीही, ‘फक्त एकदाच’ म्हणूनही, गहू घालायचा नाही. सोबत येणाऱ्या जाळ्यांपैकी सगळ्यात बारीक जाळी भाकरीला. ज्वारी एका वेळी किलो-दीड किलोच दळा आणि पंधरवड्यात संपवा. बाजरी आठवड्याची, ती लवकर कडू होते.

चक्की येईपर्यंत दळलेलं काहीच देऊ नका. मोदकाची पिठी, बेसन, नाचणीचं पीठ, सगळं त्याच गिरणीतून किंवा तशाच कुठून तरी येतं. भिजवून वाटायचे पदार्थ करा. अख्खी ज्वारी २ वाट्या १०-१२ तास भिजवायची, उडीद डाळ अर्धी वाटी आणि मेथ्या अर्धा चमचा वेगळ्या ४-५ तास, मग मिक्सरमधून अगदी गंधासारखं वाटून ८-१० तास आंबवायचं. आंबोळ्या छान होतात. ज्वारी जाडसर राहिली तर तव्यावर चिरा पडतात, तेव्हा पुन्हा फिरवा. पीठ सैल झालं तर मूठभर भिजवलेले पोहे वाटून घाला. शिवाय तांदूळ भिजवून घावन, भगरीचा भात, घरी वाटलेल्या पिठाच्या इडल्या. पोट फुगणं एवढ्यात कमी झालं तर ती एक खूण समजा, पुरावा नव्हे. टीटीजी इतक्या लवकर हलत नाही.

आता अख्खं धान्य. वाण्याकडे एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं, त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. ज्वारी गोल, गहू लांबट आणि मधे चीर असलेला. स्टीलच्या ताटात एकेक मूठ पसरून निवडा, ढीग करून निवडलं की निसटतात. मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवा. आत ओल राहिली तर पीठ जाळीला चिकटतं आणि चक्की अडते. डाळी, धणे, जिरेसुद्धा निवडा. मसूर आणि धण्यात मला गहू जास्त सापडतो.

दुसरा चोर हिंग. डबीतल्या पिवळ्या हिंगाचे घटक वाचा, बहुतेक डब्यांवर मैदा किंवा गव्हाचं पीठ, डिंक आणि मग हिंग असं असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, पण दर नव्या डबीला लेबल पुन्हा वाचायचं. खरं सांगायचं तर फोडणीतल्या चिमटीतून जाणारं ग्लुटेन गिरणीच्या पिठापेक्षा कितीतरी कमी. पण तोच हिंग आमटीत, भाजीत, ताकात, लोणच्यात, पापडात, फरसाणात, पोटदुखीवरच्या चूर्णातही असतो, आणि बेरीज होते. शुद्ध खडा हिंग आणा. अर्धा ग्रॅम खडा पाव वाटी कोमट पाण्यात रात्रभर विरघळवून फ्रीजमध्ये ठेवा, चौघांच्या आमटीला अर्धा चमचा पाणी पुरतं. फोडणीत घालू नका, तडतडून अंगावर उडतं. डाळ उकळताना घाला.

भाकरीचं. शाळेच्या डब्यात ती कडक होते, असं तुम्ही लिहिलंय. उकड काढून करा. १ वाटी पाणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तेल किंवा तूप उकळायला ठेवायचं, आधण आलं की गॅस बंद करून १ वाटी पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि दहा मिनिटं झाकायचं. मग सोसेल इतकं गरम असतानाच, पाण्याचा हात लावत, पाच मिनिटं नेटाने मळायचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, उकडीने स्टार्च चिकट होतो म्हणून ती लाटतासुद्धा येते. कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलंय किंवा पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. जुन्या पिठाला कितीही मळा, उपयोग नाही. पीठ नवं असूनही जमत नसेल तर वाटीमागे एक छोटा चमचा इसबगोल घाला, पाणी दोन चमचे वाढवा. शेकताना पहिल्या बाजूला पाणी फिरवून ते सुकत आलं की लगेच उलटा. पाणी पूर्ण वाळू दिलं तर वरून चिरा पडतात आणि फुगत नाही. डब्याच्या भाकरीला गरम असतानाच दोन्हीकडून तूप, आणि सुती फडक्यात गुंडाळून डबा. मालदांडी ज्वारी मिळाली तर तीच घ्या, भाकरी गोड आणि मऊ होते.

बिनगव्हाची भाजणी: ज्वारी अर्धा किलो, तांदूळ पाव किलो, हरभरा डाळ पाव किलो, उडीद डाळ दीडशे ग्रॅम, नाचणी शंभर ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर खमंग भाजायचं. उडदाचं प्रमाण नेहमीपेक्षा मुद्दाम थोडं जास्त आहे, गहू नसताना थालीपीठ धरून ठेवायचं काम तोच करतो. जास्त भाजलात तर धरत नाही, गुलाबी होताच उतरवा. नाचणी तिला दुसऱ्या वाटेनेही द्या, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि या मुलांना ते कमीच पडतं.

स्वयंपाकघर वेगळं करायचं की अख्खं घर बदलायचं, यावर लोक वाद घालतात. माझं मत: लहान मूल असेल तर गव्हाचं पीठ घरातच आणू नका. कणीक चाळताना उडणारं पीठ, पोळपाट, एकच चाळणी, पोळीच्या तव्यावर टाकलेली भाकरी, पोळीचा तुकडा बुडवलेली तुपाची वाटी, कुठे कुठे पुरे पडाल? मोठ्यांना पोळी हवीच असेल तर पोळी-भाजी केंद्रातून आणा आणि वेगळ्या ताटात खा. हे जमत नसेल तर निदान लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, चाळणी आणि तवा तिचा नवा घ्या. लाकडाच्या भेगांतलं पीठ निघत नाही, स्टीलची परात नीट घासली की चालते. स्वयंपाक तिचा आधी करा, मग बाकीच्यांचा. आणि पोळ्या चालू असताना खेळायला दिला जातो तो कणकेचा गोळा बंद. बोटं तोंडात जातात. शाळेतल्या रंगीत खेळण्याच्या पिठातही गहू असू शकतो, बाईंना सांगून ठेवा.

अख्खं घर बदलण्याआधी मात्र एक काम: तुमची, तिच्या बाबांची आणि भावंडांची टीटीजी तपासणी करून घ्या. हा आजार कुटुंबात चालतो, आणि गहू सोडल्यावर केलेली तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. सगळे भाकरीवर गेलात की ती संधी गेली.

नातेवाइकांचं तर विचारूच नका. ‘खपली गहू चालतो’, ‘गव्हांकुराचा रस द्या’, ‘जुन्या देशी गव्हाने काही होत नाही’. खपली हाही गहूच, ग्लुटेन आहेच. सत्यनारायणाचा शिरा ‘प्रसाद आहे, बोटभर’ म्हणून तोंडात घातला जातो. त्यावर एकच उपाय: शिरा तुम्हीच करून न्या. १ वाटी भगर तुपावर भाजून तिप्पट उकळतं पाणी किंवा दूध, शिजली की पाऊण वाटी साखर, केळं, वेलची. साखर आधी घातली तर भगर टचटचीत राहते. लग्नाच्या पंगतीत साधा भात आणि फळं, बाकी काही नाही. वरणात हिंग कुठला ते आचाऱ्यालाही माहीत नसतं, आणि पापड तळलेलं तेल पुऱ्यांचं असतं.

दूध प्यायल्यावर तिला जास्त फुगतं का, तेही बघा. आतडं सुजलेलं असताना दुधातली साखर काही काळ पचत नाही, ताक आणि दही मात्र सोसतं. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, स्वतःच्या मनाने दूध कायमचं तोडू नका. माल्ट घातलेली दुधात टाकायची पावडर चालू असेल तर ती आजच बंद, माल्ट म्हणजे जव.

पीठ बदलल्याची तारीख लिहून ठेवा आणि पुढचा टीटीजी त्या तारखेपासून साधारण सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की तपासणीचा संच बदलतो आणि आकड्यांची तुलना होत नाही. तेव्हाही उतरत नसेल तर ती खाते त्या सगळ्याची यादी घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडेच जा, आणि यादीत चालू असलेली टॉनिकं, सिरप, गोळ्यासुद्धा लिहा.