एवढं सगळं कधी वाचू? आयटी इंटरव्ह्यूबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, मी यावर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पास झालो, मूळचा लातूरकडचा, सध्या आंबेगावला कॉट बेसिसवर राहतो. कॉलेजच्या प्लेसमेंटमध्ये काही झालं नाही. आता एका मोठ्या सर्व्हिस कंपनीच्या ऑफ-कॅम्पस ड्राइव्हची ऑनलाइन टेस्ट निघाली, टेक्निकल आणि एचआर राउंड तीन आठवड्यांनी हिंजवडीला आहे. एक रूममेट म्हणतो ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रामिंग असले कोडिंगचे अवघड टॉपिक सगळे कर, दुसरा म्हणतो तिथे काही विचारत नाहीत फक्त इंग्लिश बघतात. माझी दहावीपर्यंत मराठी शाळा. रेझ्युमेवर जावा, पायथन, एसक्यूएल, रिअ‍ॅक्ट, मशीन लर्निंग, एडब्ल्यूएस असं सगळं टाकलंय. नक्की काय वाचू?
– एक वाचक, आंबेगाव

उत्तर: वाचायचं नंतर, आधी रेझ्युमे उघड आणि त्यातून मशीन लर्निंग आणि एडब्ल्यूएस काढून टाक. यूट्यूबवर एक प्लेलिस्ट बघितली म्हणजे ते आपल्याला येतं असं होत नाही, आणि इंटरव्ह्यू पॅनेलवरचा माणूस कागद हातात आला की त्यातला सगळ्यात भारी शब्द शोधतो आणि म्हणतो, हे काय केलंस जरा सांग. मी पॅनेलवर असते तेव्हा मीही हेच करते, त्यात दुष्टपणा काही नाही, लिहिलंय तेवढं खरं आहे का ते लवकर कळतं एवढंच. पोर्टलवर जुना रेझ्युमे गेला असेल आणि आता बदलता येत नसेल तर विचारल्यावर सरळ सांगायचं की कोर्स बघितलाय, प्रोजेक्ट केलेला नाही. एवढ्यावर कोणी रिजेक्ट करत नाही, फेकाफेकी केली की करतात.

आता रूममेट लोकांचं. सर्व्हिस कंपनीचा धंदा काय ते बघ म्हणजे कुणाचं किती ऐकायचं ते तुझं तुलाच कळेल. ही कंपनी मुख्यतः क्लायंटला माणसं आणि त्यांचे तास विकते, कुठलीतरी परदेशातली बँक किंवा इन्शुरन्स कंपनी, तिचं कित्येक वर्षं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं, त्यात बदल करायचे, रात्री बंद पडलं तर उठून बघायचं. फ्रेशर घेताना त्यांनाच माहीत नसतं की तू जावात जाशील का टेस्टिंगला का मेनफ्रेमच्या सपोर्टला. त्यामुळे बघतात ते दोनच गोष्टी, हा शिकवलं तर शिकेल का आणि उद्या क्लायंटच्या कॉलवर बसवला तर आपलं काम नीट सांगू शकेल का. म्हणून ग्राफवर तीन आठवडे घालवू नकोस. फक्त तुझा रोल कुठला ते मेलमध्ये नीट बघ, टीसीएसचा डिजिटल किंवा प्राइम, इन्फोसिसचा स्पेशालिस्ट प्रोग्रामर असले जास्त पॅकेजचे रोल असतील तर कोडिंग खरंच वरच्या पातळीचं लागतं, तिथे पहिल्या रूममेटचं ऐक.

एकच भाषा पक्की कर, तुझ्या बाबतीत जावा. ओओपीचे (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे) चार पिलर्स सगळेच घोकून येतात, त्यामुळे तिथे मार्क मिळत नाहीत, पुढच्या प्रश्नाला मिळतात. ओव्हररायडिंग म्हणजे काय सांगितलंस की विचारणार, स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होते का? (होत नाही, नुसती झाकली जाते.) इंटरफेस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासमधला फरक सांगताना बरीच मुलं अजून म्हणतात की इंटरफेसमध्ये मेथडला बॉडी नसते, अरे 2014 ला जावा 8 आलं तेव्हापासून बॉडी असलेल्या डीफॉल्ट मेथड आहेत. स्ट्रिंग इम्युटेबल का असते, डबल इक्वल टू आणि इक्वल्स मेथड यात फरक काय, इक्वल्स ओव्हरराइड केली तर हॅशकोड का करावी लागते (दोन ऑब्जेक्ट इक्वल असतील तर त्यांचा हॅशकोड सारखाच यायला हवा, नाहीतर हॅशमॅप एका खणात ठेवतो आणि दुसऱ्या खणात शोधत बसतो). एवढं स्वतःच्या शब्दात आलं तरी पुष्कळ झालं.

एसक्यूएलला मात्र पोरं फार हलक्यात घेतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे, कारण पुढे कुठल्याही प्रोजेक्टला गेलास तरी डेटाबेस असतोच. सेकंड हायेस्ट सॅलरीची क्वेरी विचारणार हे सगळ्यांना माहीत, मॅक्सपेक्षा कमी असलेल्यातला मॅक्स काढायचा, झालं. पण मग मी म्हणते पाचवी हायेस्ट काढ, आणि दोघांचा पगार सारखा असेल तर? तिथे डेन्स रँक (सारख्या पगाराला सारखा नंबर, पुढचा नंबर न सोडता) यायला पाहिजे, आणि साध्या रँकने मधले नंबर का गळतात तेही. व्हेअर आधी ओळी गाळतो, मग ग्रुप बाय होतं, मग हॅविंग ग्रुप गाळतो, हा क्रम डोक्यात बसला की फरक पाठ करावाच लागत नाही. नल (म्हणजे किंमतच न भरलेली) असलेल्या ओळी बरोबरच्या चिन्हाने सापडत नाहीत, इज नलच लिहावं लागतं. काउंट स्टार सगळ्या ओळी मोजतो, काउंटमध्ये कॉलमचं नाव दिलं की नल सोडून मोजतो. आणि लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलची अट व्हेअरमध्ये टाकली तर तो जॉइन गुपचूप इनर जॉइन होऊन बसतो, हे एकदा स्वतः दोन छोटी टेबलं बनवून करून बघ, नुसतं वाचून नाही कळणार.

कोडिंग बहुतेक वेळा कागदावर नाहीतर शेअर केलेल्या स्क्रीनवर. पॅलिंड्रोम, प्राइम, अ‍ॅनाग्राम, अ‍ॅरेमधला दुसरा मोठा नंबर, स्टॅक वापरून कंस जुळतात का बघणं, असलंच. पण गप्प बसून लिहायचं नाही, लिहिता लिहिता बोलायचं. समजा प्राइमचा लूप वर्गमुळापर्यंतच फिरवलास तर का ते सांग, नंबरचे दोन अवयव असतील तर त्यातला एक तरी वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असणारच, म्हणून 97 ला 9 पर्यंत तपासलं तरी पुरतं. मग 1 दिला तर काय होईल, रिकामी स्ट्रिंग दिली तर काय होईल, हे आपणहून तपासून दाखवायचं. कोड अर्धा राहिला पण विचार बरोबर होता अशी मुलं मी घेतलीत आणि पाठ केलेला कोड धडाधडा लिहून एक ओळ बदलायला सांगितल्यावर अडकलेली सोडलीयत.

फायनल इयरचा प्रोजेक्ट चौघांनी केला असेल तर तुझ्या वाट्याला काय होतं ते आधी ठरव. लॉगिन पेज केलं असशील तर लॉगिन पेज सांग, पण मग पासवर्ड साधा ठेवला होतास का हॅश करून (परत वाचता येणार नाही असा बदलून), टेबलं कोणती होती, प्रायमरी की काय, हे आलं पाहिजे.

इंग्लिशचं टेन्शन आहे ते कळतंय. अ‍ॅक्सेंट कोणी बघत नाही रे, बाजूच्या केबिनमध्ये तमिळ, तेलुगू, बंगाली सगळ्या धाटणीचं इंग्लिश चालू असतं. रोज रात्री एक टॉपिक फोनवर इंग्लिशमध्ये रेकॉर्ड कर आणि सकाळी ऐक, स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते पण कुठे अडखळतोस ते बरोबर कळतं. सेल्फ इंट्रो दीड मिनिटाचा, त्यात आईवडील काय करतात आणि हॉबी क्रिकेट हे नको, शिक्षण, प्रोजेक्ट, कशात हात बसलाय एवढंच. एखादा शब्द नाही आला तर सोप्या शब्दात सांग. प्रश्न कळला नाही तर परत विचार, न कळता उत्तर देण्यापेक्षा ते कधीही बरं.

आणि त्या दिवशी आंबेगावातून नवले पूल, चांदणी चौक, वाकड करत जायचंय, सकाळी कंपन्या भरायच्या वेळेला वाकडच्या पुढे काय होतं ते पुण्यातल्या कोणालाही विचार. गूगल मॅप जी वेळ रात्री बारा वाजता दाखवतो ती धरू नकोस.

प्रश्न: ताई, मला पास होऊन दोन वर्षं झाली, जॉब नाही. क्लासवाले सर म्हणतात फ्रेशर म्हणून कोणी घेत नाही, दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स दाखवू, लेटर आणि पगाराच्या स्लिप आम्ही देतो, पैसे जॉब लागल्यावर द्या. बॅचमधले काहीजण लागलेत पण. करू का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: नको. लागलेत ते दिसतात, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडून काढलेले तुमच्या क्लासच्या फ्लेक्सवर येत नाहीत. कंपनी तुझा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागते आणि पीएफच्या रेकॉर्डला कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतीस ते सरळ दिसतं, पगारावर टीडीएस कापला गेला असेल तर तो इन्कम टॅक्सच्या फॉर्म 26 एएसमध्ये दिसतो. आणि हे चेकिंग बऱ्याचदा जॉइन झाल्यावर पूर्ण होतं, म्हणजे चार महिने काम करून मग एक दिवस लॅपटॉप जमा करायला सांगतात. त्याआधी टेक्निकललाच अडकशील ती गोष्ट वेगळी, दोन वर्षं काम केलेल्या माणसाला प्रॉडक्शनला इश्यू आला तेव्हा काय केलंस असं विचारतात, त्याचं उत्तर क्लासच्या नोट्समध्ये नसतं.

गॅप सांगता येतो. घरी आजारपण होतं, एमपीएससी केली, बॅकलॉग होता, जे असेल ते एका वाक्यात, आणि पुढचं वाक्य लगेच या काळात काय शिकलीस त्याचं. काही कंपन्या गॅप आणि 60 टक्के मार्कांची अट लावतात, तिथे अर्ज करून मन खट्टू करून घ्यायचं नाही, पुढे जायचं. खर्च करायचाच असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक नावाने ओळखला जाणारा अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा कोर्स बघ, साधारण सहा महिन्यांचा असतो, सी-कॅट परीक्षा देऊन अ‍ॅडमिशन, आणि प्लेसमेंटला कंपन्या येतात. अभ्यास अगदी पिळून काढणारा आहे हे आधीच सांगते.

प्रश्न: मॅडम, मुलाला एका कन्सल्टन्सीचा फोन आला, मोठ्या आयटी कंपनीत थेट जॉइनिंग, 40 हजार रुपये रिफंडेबल डिपॉझिट आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या. ऑफर लेटर मेलवर आलंय, कंपनीचा लोगो आहे. भरावेत का?
– एक पालक, हडपसर

उत्तर: अजिबात भरू नका. या मोठ्या कंपन्या नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत आणि तसं त्यांच्या करिअरच्या पानावर लिहिलेलंही असतं. लोगो कुणालाही चिकटवता येतो हो, मेल कुठून आला तो पत्ता बघा, शेवटी जीमेल किंवा कंपनीच्या नावासारखंच काहीतरी वेडंवाकडं दिसेल. ओरिजिनल मार्कशीट दाखवायच्या असतात, ठेवून यायच्या नसतात. पैसे आधीच गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे वाटेत रोखता येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: एचआर विचारते पुण्याबाहेर जाशील का, नाइट शिफ्ट चालेल का. मला पुणे सोडायचं नाहीये, आई एकटी आहे. खोटं ‘हो’ म्हणू का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर: पुणे सोडणं खरंच शक्य नसेल तर खोटं बोलू नकोस, पण ‘नाही’ म्हणायच्या आधी नीट समजून घे ते काय विचारतायत. ट्रेनिंग बाहेर असणं वेगळं (इन्फोसिसचं मैसूरला असतं, ठराविक महिन्यांचं) आणि कायमचं पोस्टिंग वेगळं. ट्रेनिंगला आईची सोय लावता येत असेल तर तसं स्पष्ट सांग, ट्रेनिंगला कुठेही येईन, पोस्टिंगला पुणे पहिली पसंती, कारण एका वाक्यात. एचआरला कारण खरं वाटलं तर तशी नोंद करतात, गॅरंटी मात्र कोणी देत नाही, क्लायंटची सीट चेन्नईला रिकामी असेल तर चेन्नई. (इन्फोसिससुद्धा 1981 ला पुण्यातच सुरू झाली आणि 1983 ला बेंगळुरूला गेली, त्यामुळे पुणे सोडणारी तू काही पहिली नसशील!) शिफ्टचं विचारतील तर तूही विचार, रात्रीची कॅब आहे का, रोटेशन किती आठवड्यांचं. असं विचारल्याने कोणाला राग येत नाही.

आणि ऑफर आली म्हणून बाकीचे इंटरव्ह्यू थांबवू नकोस. 2022-23 ला बऱ्याच सर्व्हिस कंपन्यांनी ऑफर दिलेल्या पोरांना महिनोन्‌महिने जॉइनिंगची वाट बघायला लावली होती. लोकेशन, बॉण्ड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती रक्कम, प्रोबेशन, नोटीस पिरियड हे सगळं ऑफर लेटर आणि सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं, स्वीकारायचं बटण दाबायच्या आधी पूर्ण वाच आणि एक कॉपी स्वतःच्या मेलवर पाठवून ठेव.