बुरशीची टेस्ट करून घ्यावी का? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, वर अजून दोन मजले. मुलाच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला, कपाटामागे काळे ठिपके. दार उघडलं की कुबट वास. गणपतीपासून मुलाचा खोकला हटत नाही. एक कंपनी येऊन टेबलावर काचेची बशी तासभर उघडी ठेवून गेली, चार दिवसांनी त्यात उगवलेल्या हिरव्या बुरशीचा फोटो पाठवला, आणि आता सगळ्या खोल्यांची हवा तपासणी अधिक फवारणी असं पॅकेज सांगते आहे. ते घ्यावं का?

माझं मत: आत्ता नाही. नाशकात इमारतींची गळती आणि ओल शोधणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. गरज पडते तिथे मी स्वतः लॅबला नमुने पाठवतो, म्हणजे टेस्टशी माझं वाकडं नाही. पण तुमच्या घरात ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय, ते हवेच्या टेस्टमधून मिळणार नाही.

सगळ्यात आधी, हे वाचून झाल्यावर लगेच, मुलाची गादी त्या खोलीतून हलवा. हॉलमध्ये झोपू दे. खोलीचं दार बंद ठेवा, खिडकी उघडी. त्याच्या खोकल्याची वहीत नोंद ठेवा: कुठे झोपला, रात्री किती वेळा उठला, आजोळी दोन दिवस गेला तेव्हा कमी झाला का. बालरोगतज्ज्ञांना ही वही कुठल्याही लॅब रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडेल. बुरशीची ॲलर्जी आहे का हे डॉक्टर मुलाच्या रक्तावरून किंवा त्वचेच्या चाचणीवरून ठरवतात, घरातल्या हवेवरून नाही. आणि खोकल्याला दुसरीही कारणं असतात, म्हणून डॉक्टरांकडे जाणं भिंतीसाठी थांबवू नका.

आता त्या बशीबद्दल. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तीच बशी गंगापूर धरणाच्या काठी, स्वच्छ हवेत तासभर ठेवली असती तरी चार दिवसांनी तिच्यात हिरवं-काळं काहीतरी उगवलंच असतं. उघड्या बशीत जे वजनाने खाली पडतं तेवढंच येतं. किती हवेतून किती आलं याचा हिशेबच नसतो, त्यामुळे घर चांगलं की वाईट हे त्यावरून सांगता येत नाही. फोटो पाहून आईचा जीव घाबरतो, एवढंच त्यातून होतं, आणि लहान मुलाच्या घरात असं करणं मला अजिबात पटत नाही.

खऱ्या हवा तपासणीत पंप असतो. साधारणपणे मिनिटाला १५ लिटर या वेगाने पाच मिनिटं, म्हणजे ७५ लिटर हवा एका छोट्या कॅसेटमधल्या चिकट काचेवर ओढतात आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बीजाणू मोजतात. रिपोर्टमध्ये आकडा घनमीटरला लिहितात. घनमीटर म्हणजे १००० लिटर, त्यामुळे काचेवर दिसलेला एक बीजाणू रिपोर्टमध्ये १३ होऊन येतो. एखाद्या प्रकारापुढे ‘५३’ लिहिलं असेल तर माणसाने चार बीजाणू पाहिले आहेत. शिवाय या पद्धतीत ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशीच्या दोन प्रकारांचे बीजाणू वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही एकत्रच लिहितात. एवढ्या आधारावर ‘तुमच्या घरात विषारी बुरशी’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि आकडा आला तरी तो कशाशी ताडायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात हवेतल्या बीजाणूंची सुरक्षित मर्यादा म्हणून आकडा दिलेला नाही. ओल होऊ देऊ नका, झाली तर दुरुस्त करा, असा त्यांचा भर आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नाही. तुमच्या कपाटामागे ती दिसतेच आहे.

आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावावं लागत नाही. भुरी, म्हणजे वेलीवरची पांढरी बुरशी, दिसली की तो बीजाणू मोजत बसत नाही, वेलीत दमटपणा कुठे कोंडतोय ते बघतो. घरातही शोध पाण्याचाच घ्यायचा.

तो कसा घ्यायचा ते आता सविस्तर सांगतो, कारण खरं काम इथेच आहे.

कपाट पुढे ओढा आणि भिंत दिवसाउजेडी नीट बघा. काळे, हिरवट, मखमलीसारखे ठिपके असतील तर बुरशी. पांढरी, कुरकुरीत, मिठासारखी पूड असेल तर तो लोणा, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर आलेले. पाण्याचा थेंब टाकला की लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. नुसता मळ आहे की बुरशी अशी शंका असेल तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब लावून दोन मिनिटं थांबा. बुरशीचा डाग फिका पडतो, मळ तसाच राहतो. लोणा आणि बुरशी दोन्ही दिसत असतील तर पाणी भिंतीतून येतंय हे जवळजवळ नक्की. भिंतीचे पोपडे सुटले असतील तर तीही तीच खूण.

मग प्लॅस्टिकचा एक जाड तुकडा, साधारण फूटभर लांब-रुंद, ठिपक्यांच्या शेजारी भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा. एक-दोन दिवस राहू द्या. काढताना बघा: भिंतीकडच्या बाजूला ओल जमली असेल तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीतल्या दमट हवेचं गार भिंतीवर पाणी होतंय. दोन्हींचा इलाज पूर्ण वेगळा, म्हणून ही स्वस्तातली परीक्षा चुकवू नका. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीखही लिहून ठेवा. पाऊस थांबल्यावर डाग रेघेच्या आत सरकतो की बाहेर, हे बघायला.

पश्चिमेची भिंत म्हटल्यावर माझा पहिला संशय पावसावर आहे. नाशिकला पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि झड त्याच भिंतीवर आदळते. पाथर्डी फाट्याच्या बाजूला मोकळं मैदान असलं की अडवायला काही नसतं. आरसीसी बीम आणि त्याखालचं वीटकाम किंवा ब्लॉकचं काम यांच्या जोडावर बारीक आडवी चीर पडते, केसाएवढीच, पण महिनाभराची झड पुरेशी असते. बाहेरून दुर्बिणीने किंवा मोबाईलचा झूम वापरून ती चीर दिसते का पाहा. खिडकीच्या खालची कड, एसीच्या पाईपसाठी पाडलेलं भोक आणि छज्जाचा सांधाही बघा. एसीचं भोक तिरकं बाहेर उतरतं न पाडता उलट आत उतरतं पाडलेलं मी फार घरांत पाहिलंय. पाणी सरळ आत येतं.

पावसाळा संपल्यावरही डाग वाढतच राहिला तर वरच्या फ्लॅटचं बाथरूम तपासा. त्या भिंतीच्या पलीकडे किंवा वर नळाचं, ड्रेनेजचं काही आहे का? न्हाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, बंद करून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी भरून दिवसभर ठेवलं की तुमच्याकडे रंग उतरतो का ते कळतं. त्यासाठी वरच्यांची परवानगी लागेल. भांडण न करता, सोबत सोसायटीचा एक माणूस घेऊन जा.

आणि तिसरी शक्यता घरातल्या दमटपणाची. पावसाळ्यात कपडे आत वाळवणं, कोंदट बाथरूम, भिंतीला चिकटलेलं कपाट. चार माणसांचे ओले कपडे बंद खोलीत वाळले की त्यातलं सगळं पाणी हवेतच जातं. नाशिकच्या थंडीत पहाटे बाहेरच्या भिंती गार पडतात, तेव्हाही हेच दिसतं: गिझरच्या वाफेने भरलेल्या घरात उत्तरेच्या भिंतीला, कपाटामागे काळे ठिपके. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. खोलीत ६० टक्क्यांच्या खाली हवं, ३० ते ५० असेल तर उत्तम. श्रावणात बाहेरच जास्त असतं, तेव्हा खिडकी उघडून तो आकडा मिळणार नाही. एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर लागतो. कपाट मात्र भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घ्या, कायमचं.

जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांबद्दल विचारणारे इथे बरेच असतात म्हणून जाता जाता: तिथे जमिनीतून ओल वर चढते आणि चुना-मातीच्या भिंतीला ऑइल पेंट मारला की ती आतच कोंडते. वाड्याला चुन्याचाच रंग द्या.

टेस्ट कधी करावी? मला चार-पाच प्रसंग खरे वाटतात. कुबट वास आहे, घरच्यांना त्रास आहे, पण कुठेच काही दिसत नाही. तरीही आधी ओलावामापक आणि थर्मल कॅमेऱ्याने भिंती बघायच्या आणि मग नमुना. डाग बुरशीचा आहे की नाही यावरच वाद आहे. तेव्हा पारदर्शक टेपने डागाचा ठसा घेऊन लॅबला पाठवणं पुरतं. बिल्डर किंवा विमा कंपनीशी भांडण कागदावर न्यायचं आहे. मोठी साफसफाई झाली आणि ती नीट झाली का हे बघायचं आहे. किंवा घरात केमोथेरपी चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला माणूस आहे आणि डॉक्टरांनीच सांगितलंय.

करायचीच वेळ आली तर एकाच गोष्टीवर अडून राहा: जो तपासतो त्याने साफ करायचं नाही. टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क या अमेरिकी राज्यांत एकाच कामावर दोन्ही करायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे कुणी अडवत नाही म्हणून आपणच अडवायचं. तपासणाऱ्याने आधी तासभर घर बघून ओल मोजली पाहिजे, त्याच दिवशी बाहेरच्या हवेचा नमुनाही घेतला पाहिजे. बाहेरचा नमुना नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही. बाहेर क्लॅडोस्पोरियम नावाची बुरशी भरपूर असतेच. आत ॲस्परजिलस-पेनिसिलियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं, किंवा किटोमियम, स्टॅकीबोट्रिससारखे सतत ओल्या कागद-पुठ्ठ्यावर वाढणारे प्रकार निघाले, तर आत कुठेतरी पाणी मुरतंय असं म्हणता येतं. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डवर कागद असतो, तिथे हे घडतं. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. तिच्या मान्यतेच्या यादीत नेमकी ही चाचणी आहे का ते विचारा. पुष्कळ लॅबना मान्यता पाण्याची आणि अन्नाची असते.

फवारणीचं सांगायचं तर मेलेली बुरशीही ॲलर्जी देऊ शकते. ती भिंतीवरून निघायला हवी. तुमचा भाग दहा चौरस फुटांच्या आत असेल तर घरीच होईल: एन ९५ मास्क, हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, मुलगा घराबाहेर. कोरडं घासू किंवा झाडू नका, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या, भिंत पंख्याने पूर्ण वाळवा. कपाटाची मागची प्लाय फुगून काळी पडली असेल तर ती बदला, पुसून उपयोग नाही. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

एक कळकळीची विनंती. दिवाळी तोंडावर आहे, रंगारी म्हणेल पुट्टी मारून डॅम्पप्रूफ रंग देतो, दोन दिवसांत भिंत नवी. देऊ नका. आधी बाहेरची चीर भरून घ्या, मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू द्या, पुन्हा प्लॅस्टिक लावून बघा, कोरडं निघालं तरच रंग. नाहीतर पुढच्या आषाढात तेच पोपडे आणि खर्च दुप्पट. यंदा त्या खोलीला रंग नसला तरी चालेल.

खर्च कुणाचा, हेही बघून घ्या. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामायिक पाईपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या आतली गळती त्या सभासदाने. आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातला दोष तुम्ही कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. ताबा कधी घेतला ते तुम्ही लिहिलं नाही. पाच वर्षांच्या आत असाल तर तारखेसकट पेन्सिलच्या रेघांचे आणि बाहेरच्या चिरेचे फोटो जोडून आजच लेखी पत्र द्या, पोच घ्या. बाहेरच्या भिंतीचा आणि वरच्या बाथरूमच्या जागेचा फोटो इथे टाकलात तर पाणी कुठून शिरतंय याचा अंदाज मी सांगू शकेन.